छायाचित्रावरून कोवळ्या शिक्र्याची ओळख

प्रस्तावना

मोबाइल फोनमध्ये कॅमेरा आल्यापासून पक्ष्याचे छायाचित्र घेणे पुष्कळ सोपे झाले आहे. गच्चीच्या कठड्यावर, विजेच्या खांबावर किंवा बागेतील झाडावर एखादा अनोळखी पक्षी बसलेला दिसला, की क्षणात त्याचे चित्र आपल्या हाती येते. मात्र चित्र हाती आले म्हणजे पक्षी ओळखला गेला, असे नाही. शिकारी पक्ष्यांच्या बाबतीत तर अनुभवी निरीक्षकालाही थांबून विचार करावा लागतो. याचे मुख्य कारण असे, की अनेक शिकारी पक्षी पहिल्या वर्षी एका वेशात असतात आणि मोठेपणी दुसऱ्याच वेशात दिसतात. पुस्तकातील ठळक चित्र बहुधा प्रौढ पक्ष्याचे असते आणि आपल्या समोर असतो तो कोवळ्या वयाचा पक्षी. मग चित्र आणि पक्षी यांचा मेळ बसत नाही व नाव चुकते.

या पाठात आपण शिक्रा या लहान शिकारी पक्ष्याची कोवळ्या वयातील ओळख छायाचित्रावरून कशी पटवावी, हे समजून घेणार आहोत. उदाहरणासाठी दिल्लीतील करोल बाग हा भाग घेतला आहे. शिक्रा हा पक्षी महाराष्ट्रातही सर्वत्र आढळतो. त्यामुळे येथे सांगितलेली रीत पुण्यातील टेकडीवर, नागपुरातील बागेत किंवा आपल्या गावच्या आमराईतही तितकीच उपयोगी पडेल.

करोल बागेवरचे आकाश

करोल बाग म्हटले, की कपड्यांची, सोन्याचांदीची आणि वाहनांच्या सुट्या भागांची दुकाने डोळ्यांपुढे येतात. अजमल खान रस्त्यावरची गर्दी पाहून येथे पक्ष्यांना जागा असेल, असे कोणाला वाटणार नाही. परंतु या वस्तीच्या दक्षिणेला दिल्लीची रिज, म्हणजे अरवली पर्वताची शहरात शिरलेली खडकाळ सोंड आहे. तिच्यावर वेड्या बाभळीचे दाट रान माजले आहे. पश्चिमेला पुसा येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेची विस्तीर्ण शेते आणि झाडी आहे. रिजच्या कडेला भूली भटियारी का महल या नावाने ओळखली जाणारी जुनी वास्तू आहे. ती चौदाव्या शतकातील, फिरोजशाह तुघलकाच्या काळातील शिकारगाह असल्याचे मानले जाते. वस्ती आणि रान यांच्या या सीमेवर घार, शिक्रा, पावशा असे अनेक पक्षी सहज दिसतात.

दिल्लीच्या आकाशातील सर्वांत परिचित शिकारी पक्षी म्हणजे घार. या शहरात घारींची संख्या इतकी मोठी आहे, की व्ही. एम. गालुशिन या रशियन पक्षिशास्त्रज्ञाने १९७१ साली 'आयबिस' या पक्षिविज्ञानाच्या नियतकालिकात तिच्याविषयी खास टिपण लिहिले होते. अलीकडच्या काळात भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासकांनी दिल्लीतील घारींची घरटी, त्यांचे अन्न आणि त्यांचे स्थलांतर यांचा सविस्तर अभ्यास केला आहे. घार सर्वांना ठाऊक असल्यामुळेच एक गंमत घडते. तिच्यासारखी बाकदार चोच असलेला कोणताही लहान पक्षी दिसला, की लोक त्याला 'घारीचे पिल्लू' म्हणून मोकळे होतात. आपल्या अभ्यासाची सुरुवात याच समजुतीपासून करू.

लहान म्हणजे पिल्लू नव्हे

गाय आणि वासरू, शेळी आणि करडू यांच्यातील आकाराचा फरक आपण रोज पाहतो. त्यावरून लहान आकार हीच कोवळ्या वयाची खूण, असे आपण धरून चालतो. पक्ष्यांना हा नियम लागू पडत नाही. शिकारी पक्ष्याचे पिल्लू घरट्यात असतानाच झपाट्याने वाढते. ते घरटे सोडते त्या वेळी त्याचे शरीर जवळजवळ आईबापांएवढे झालेले असते. फक्त शेपटीची आणि पंखांची पिसे काही दिवस थोडी आखूड राहतात. म्हणून आकाशात उडणारा लहान शिकारी पक्षी हे मोठ्या शिकारी पक्ष्याचे पिल्लू असू शकत नाही. तो वेगळ्या जातीचा, मुळातच लहान असलेला पक्षी असतो.

घारीची लांबी चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत सुमारे ६० सेंटिमीटर भरते. शिक्रा २६ ते ३० सेंटिमीटरच्या आसपास असतो, म्हणजे पारव्याहून किंचित लहानच. शिकारी पक्ष्यांमध्ये मादी ही नरापेक्षा मोठी असते. त्यामुळे एकाच जोडीतील दोन पक्षी शेजारी बसले, तर लहान दिसणारा पक्षी पिल्लू नसून नर असण्याचा संभव असतो, हेही लक्षात ठेवावे.

छायाचित्रात आकाराचा अंदाज घेणे अवघड असते, कारण चित्रात मापपट्टी नसते. अशा वेळी पक्ष्याजवळची ओळखीची वस्तू उपयोगी पडते. आपल्याकडील नेहमीची वीट सुमारे २३ सेंटिमीटर लांब असते. भिंतीवर बसलेला पक्षी विटेहून थोडासा लांब दिसत असेल, तर तो शिक्र्याच्या मापाचा आहे. अडीच विटांएवढा भरत असेल, तर तो घारीच्या मापाचा आहे.

कोवळा पिसारा कसा ओळखावा?

अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाच्या अंगावर प्रथम पांढरट, मऊ लव असते. काही आठवड्यांत त्या लवेतून खरी पिसे वर येतात. या पहिल्या पूर्ण पिसाऱ्याला आपण कोवळा पिसारा म्हणू. तो साधारणपणे पुढील वर्षापर्यंत टिकतो. त्यानंतर पिसे क्रमाक्रमाने झडतात आणि त्यांच्या जागी प्रौढ वयाची पिसे येतात.

कोवळ्या पिसाऱ्याच्या काही खुणा बहुतेक शिकारी पक्ष्यांना समान असतात. पहिली खूण पाठीवर असते. कोवळ्या पक्ष्याच्या पाठीवरील आणि पंखांवरील पिसांना फिकट, तांबूस किंवा पिवळसर कडा असतात. त्यामुळे पाठ माशाच्या खवल्यांसारखी दिसते. या कडा नाजूक असून ऊनपावसाने झिजत जातात. जूनमध्ये ठळक असलेली खवल्यांची नक्षी पुढच्या हिवाळ्यात पुसट झालेली असते.

दुसरी खूण पंखात असते. घरट्यातील पिल्लाची सर्व उड्डाणपिसे एकाच काळात वाढतात. त्यामुळे कोवळ्या पक्ष्याने पंख पसरले, म्हणजे त्यांची मागची कड नीटनेटकी आणि सारखी दिसते. प्रौढ पक्ष्याची पिसे वेगवेगळ्या वेळी बदललेली असतात. त्याच्या पंखात काही पिसे नवी व गडद, काही जुनी व विटलेली, तर मध्येच एखादी फट असे चित्र दिसू शकते. कापड दुकानातील एकाच ताग्याचे सूत आणि ठिगळ लावलेले वस्त्र यांत जो फरक, तोच या दोन पंखांत असतो.

तिसरी खूण डोळ्यांची. अनेक शिकारी पक्ष्यांच्या डोळ्यांचा रंग वयानुसार बदलतो. याचे उत्तम उदाहरण शिक्राच आहे.

शिक्रा : प्रौढ आणि कोवळा

शिक्रा या नावाचे 'शिकार' या शब्दाशी नाते आहे. पूर्वी शिकारी पक्षी पाळण्याचा षोक होता, तेव्हा मादीला शिक्रा आणि नराला चिपका म्हणत. पक्षी लहान असला, तरी झाडाच्या आडोशातून अचानक झेप घेऊन सरडे, उंदीर, खारी आणि लहान पक्षी पकडण्यात तो तरबेज असतो. मुंबईतील भारतीय नौदलाच्या हेलिकॉप्टर तळाला 'आयएनएस शिक्रा' असे नाव दिलेले आहे.

प्रौढ नराची पाठ राखाडी असते. छातीवर आणि पोटावर फिकट तपकिरी-तांबूस रंगाचे बारीक आडवे पट्टे असतात. डोळे लाल असतात. मादीची पाठ अधिक तपकिरी छटेची आणि डोळे नारिंगी-पिवळे असतात.

कोवळा शिक्रा या दोघांहून निराळा दिसतो. त्याची पाठ तपकिरी असून पिसांना फिकट कडा असतात. पांढरट छातीवर तपकिरी रंगाचे उभे ओघळ किंवा थेंब असतात. पोटाच्या बाजूंकडे हे थेंब रुंद होत आडव्या पट्ट्यांचे रूप घेऊ लागतात. गळ्याच्या मधोमध एक गडद रेघ वरून खाली उतरते. डोळे फिकट पिवळे असतात. ही सर्व वैशिष्ट्ये एका वाक्यात सांगायची, तर प्रौढाच्या छातीवर आडवी रेघ आणि कोवळ्याच्या छातीवर उभा थेंब, असे म्हणता येईल.

संक्रमणाच्या काळात दोन्ही खुणा एकत्र दिसतात. पाठीवर राखाडी व तपकिरी पिसांची सरमिसळ असते. छातीवर काही ठिकाणी थेंब, तर काही ठिकाणी पट्टे असतात. असा पक्षी पाहून गोंधळून जाऊ नये. तो पहिला वेश उतरवून दुसरा चढवीत आहे, एवढाच त्याचा अर्थ.

घोटाळा करणारे पक्षी

शिक्र्याच्या कोवळ्या वेशाशी मिळतेजुळते रूप असलेले काही पक्षी करोल बागेच्या परिसरात येऊ शकतात. त्यांच्यातील फरक नीट समजून घेतला पाहिजे.

*पावशा* : 'पेरते व्हा, पेरते व्हा' अशी हाक देणारा म्हणून मराठी माणसाला परिचित असलेला हा पक्षी कोकिळेच्या कुळातील आहे. तो शिकारी पक्षी नाही. तरीही त्याचे रूप शिक्र्याशी विलक्षण जुळते. प्रौढ पावशा प्रौढ शिक्र्यासारखा दिसतो आणि कोवळा पावशा कोवळ्या शिक्र्यासारखा दिसतो! दोघांच्याही छातीवर तपकिरी थेंब असतात. फरक पाहायचा तो चोचीत आणि पायांत. शिक्र्याची चोच आखूड, मजबूत आणि टोकाशी आकड्यासारखी वळलेली असते. पावशाची चोच लांबट, कमी बाकदार असते. शिक्र्याचे पाय पिवळे, लांब आणि तीक्ष्ण नख्यांचे असतात. पावशाचे पाय आखूड असून त्याची दोन बोटे पुढे व दोन मागे वळलेली असतात. शिक्र्याची तीन बोटे पुढे आणि एक मागे असते. आणखी एक सामाजिक खूणही आहे. पावशा आपली अंडी सातभाईच्या घरट्यात घालतो. म्हणून 'शिक्र्यासारख्या' कोवळ्या पक्ष्याला सातभाई चारा भरवीत असल्याचे छायाचित्रात दिसले, तर तो पावशाच समजावा. शिक्रा जवळ आला, तर सातभाई त्याला भरवणार नाहीत, गलका करून हाकलतील.

*बाशा* : हा शिक्र्याचा नातेवाईक हिवाळ्यात उत्तरेकडून मैदानी प्रदेशात उतरतो. इंग्रजीत त्याला युरेशियन स्पॅरोहॉक म्हणतात. कोवळ्या बाशाच्या छातीवर उभ्या थेंबांऐवजी जाडसर, तुटक आडवे पट्टे असतात. त्याच्या गळ्यावर मधली रेघ नसते. पाय आणि मधले बोट शिक्र्याहून लांब व सडपातळ असते. उडताना पंखाच्या टोकाशी पिसे हाताच्या बोटांसारखी सुटी दिसतात. बाशाच्या पंखात अशी सहा बोटे मोजता येतात, तर शिक्र्याच्या पंखात पाच.

*तिसा* : उघड्या, काटेरी रानात राहणारा हा पक्षी शिक्र्याहून मोठा असतो. प्रौढ तिसाचे डोळे पांढरट असतात. इंग्रजीतील त्याचे नावही या डोळ्यांवरूनच पडले आहे. कोवळ्या तिसाचे डोळे मात्र तपकिरी असतात आणि डोके फिकट, पिवळसर पांढरे असते. म्हणजे ज्या खुणेवरून नाव पडले, तीच खूण कोवळ्या वयात नसते.

*घार* : कोवळ्या घारीच्या छातीवर फिकट, लांबट ठिपके असतात आणि पंखांच्या पिसांची टोके फिकट असतात. तिच्या शेपटीची खाचही प्रौढ घारीपेक्षा उथळ असते. त्यामुळे नवशिक्या निरीक्षकाला ती एखादा गरुड वाटू शकते. येथे एक गुंतागुंत आहे. हिवाळ्यात मध्य आशियाकडून काळ्या कानांच्या घारी हिमालय ओलांडून दिल्लीत येतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात अशा घारींच्या पाठीवर उपग्रहयंत्रे बसवून त्यांचा हा प्रवास टिपण्यात आला होता. या पाहुण्या घारींच्या कोवळ्या पक्ष्यांवरही ठळक फिकट ठिपके असतात. म्हणून ठिपकेदार घारीचे छायाचित्र जूनमधील असेल, तर ती येथेच जन्मलेली घार मानण्यास हरकत नाही. तेच छायाचित्र डिसेंबरमधील असेल, तर केवळ ठिपक्यांवरून निर्णय देता येणार नाही.

छायाचित्र काय दाखवते आणि काय लपवते?

छायाचित्र खरे असते, पण ते संपूर्ण सत्य नसते. ते एका क्षणाचे, एका कोनातून आणि एका प्रकाशात घेतलेले असते. या तिन्ही गोष्टींचा परिणाम ओळखीवर होतो.

सर्वांत फसवा असतो तो रंग. सकाळ-संध्याकाळच्या तांबूस उन्हात राखाडी पाठ तपकिरी दिसते. मागून प्रकाश असेल, तर सारा पक्षी काळा दिसतो. भर दुपारच्या प्रखर उन्हात छातीवरील बारीक पट्टे नाहीसे होऊन ती कोरी पांढरी दिसते. सावलीत लाल डोळा काळा वाटतो. सराफ नुसत्या चमकेवर विश्वास ठेवीत नाही, तो सोने कसोटीवर घासून पाहतो. त्याप्रमाणे निरीक्षकाने रंगाकडे शेवटी वळावे. पंखांची ठेवण, शेपटीची लांबी, चोच आणि पाय यांकडे आधी पाहावे. प्रकाश बदलल्याने चोचीचा आकडा सरळ होत नाही.

दुसरी अडचण अंतराची. दूरचा पक्षी मोबाइलवर मोठा करून घेतला, की चित्रातील बारकावे विरघळतात. लगतचे पट्टे एकमेकांत मिसळून डाग दिसू लागतात आणि तुटक थेंब जोडले जाऊन रेघा दिसू लागतात. आपल्या ओळखीचा सारा भर पट्टे की थेंब, या प्रश्नावर असल्यामुळे असे चित्र सावधपणे वाचावे लागते.

तिसरी अडचण क्षणाची. पंख वर उचललेल्या क्षणी ते गोलाकार दिसतात. तेच पंख आखडून पक्षी खाली झेपावतो तेव्हा टोकदार दिसतात. एकाच शिक्र्याची अशी दोन चित्रे दोन वेगळ्या जातींची वाटू शकतात. म्हणून शक्य असेल, तर एका पक्ष्याची अनेक छायाचित्रे घ्यावीत. समोरून एक, बाजूने एक, पाठीचे एक आणि उडतानाचे एक अशी चार साधी छायाचित्रे एका देखण्या छायाचित्रापेक्षा अधिक उपयोगी ठरतात.

शेवटची गोष्ट नोंदीची. संदेशातून हातोहात पुढे गेलेले छायाचित्र आकाराने लहान होते आणि ते कधी घेतले, याची त्यात साठवलेली माहितीही हरवते. वर घारीच्या उदाहरणात आपण पाहिले, की महिना माहीत नसेल, तर निर्णयच अडतो. यासाठी तारीख, वेळ आणि ठिकाण लगेच वहीत लिहून ठेवावे.

पाहण्याचा क्रम

आता आपण एक काल्पनिक उदाहरण घेऊन ही रीत वापरू. समजा, जूनच्या अखेरीस पुसा रस्त्यालगतच्या कडुनिंबावर बसलेल्या एका पक्ष्याचे छायाचित्र आपल्याकडे आले आहे. पक्षी पारव्याएवढा दिसतो. पाठ तपकिरी आहे आणि छातीवर तपकिरी खुणा आहेत. आपण पुढील क्रमाने प्रश्न विचारू.

१. *हा शिकारी पक्षी आहे का?* चोच आखूड आणि आकड्यासारखी आहे. फांदीवर पुढे तीन पिवळी बोटे व काळ्या नख्या दिसतात. म्हणजे पावशा बाद झाला.

२. *शरीराची ठेवण कशी आहे?* मिटलेल्या पंखांची टोके शेपटीच्या टोकाच्या बरीच आधी संपतात. आखूड पंख आणि लांब शेपटी ही शिक्रा व बाशा यांच्या गटाची ठेवण आहे. ससाण्यांचे पंख लांब व टोकदार असतात. घारीचे पंखही लांब असतात आणि शेपटीला खाच असते.

३. *वय काय?* पाठीच्या पिसांना फिकट कडा आहेत. छातीवर उभे थेंब आहेत. डोळा फिकट पिवळा आहे. तिन्ही खुणा कोवळ्या वयाकडे बोट दाखवतात.

४. *त्या वयातील कोणती जात?* आता पुस्तकातील प्रौढ पक्ष्याचे चित्र बाजूला ठेवून कोवळ्या पक्ष्यांची चित्रे पाहावीत. गळ्यावर मधली गडद रेघ आहे आणि छातीवर आडवे पट्टे नसून थेंब आहेत. ही लक्षणे शिक्र्याशी जुळतात, बाशाशी जुळत नाहीत.

५. *काळ आणि स्थळ जुळतात का?* बाशा हिवाळ्यात येतो, जूनमध्ये तो येथे अपेक्षित नाही. शिक्र्याची पिल्ले उत्तर भारतात उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पावसाळ्याच्या तोंडाशी घरटी सोडतात. म्हणजे महिनाही आपल्या निष्कर्षाला दुजोरा देतो.

या क्रमात एक गोष्ट मुद्दाम लक्षात घ्यावी. आपण जात ठरवण्यापूर्वी वय ठरवले. वय न ठरवता थेट नावाकडे धावले, तर तपकिरी पाठ आणि ठिपकेदार छाती पाहून राखाडी पाठीच्या शिक्र्याचे चित्र आपण प्रथमच बाद केले असते. कोवळ्या शिकारी पक्ष्यांच्या ओळखीतील बहुतेक चुका येथेच होतात.

आजकाल छायाचित्रावरून पक्ष्याचे नाव सुचवणारी संगणकीय साधनेही उपलब्ध आहेत. त्यांचा उपयोग जरूर करावा. परंतु अशा साधनाने सुचवलेले नाव हा अंतिम निकाल समजू नये. वरील पाच प्रश्न त्या नावालाही विचारावेत. उत्तरे जुळली नाहीत, तर 'शिक्रा किंवा बाशा, कोवळा, निश्चित नाही' अशी नोंद करावी. अशी नोंद कमीपणाची नसते. चुकीच्या खात्रीपेक्षा प्रामाणिक शंका अभ्यासकाला अधिक उपयोगी पडते.

अचूक ओळखीवर काय अवलंबून असते?

एखाद्या पक्ष्याला शिक्रा म्हटले काय किंवा घारीचे पिल्लू म्हटले काय, त्याने काय बिघडते, असा प्रश्न कोणी विचारील. बिघडते ते त्या पक्ष्याचे.

उन्हाळ्यात दिल्लीत अनेक कोवळे पक्षी जमिनीवर किंवा बाल्कनीत सापडतात. त्यांची छायाचित्रे पक्ष्यांवर उपचार करणाऱ्यांकडे पाठवली जातात. पुढे काय करायचे, हे त्या चित्रातून कळणाऱ्या वयावर अवलंबून असते. अंगावर अजून लव असलेले पिल्लू घरट्यातून पडलेले असते आणि त्याला मदत हवी असते. पूर्ण पिसे आलेला, सावधपणे उभा असलेला आणि कोठेही जखम नसलेला कोवळा पक्षी बहुधा उडण्याचा सराव करीत असतो. त्याचे आईबाप जवळच्याच झाडावर असतात व त्याला चारा आणून देतात. त्याला उचलून घरी नेणे म्हणजे आईबापांपासून तोडणे होय. मांजर-कुत्र्यांचा धोका असेल, तर त्याला जवळच्या उंच फांदीवर किंवा भिंतीवर ठेवून दूर व्हावे, एवढेच पुरे असते. पण आखूड शेपटीचा हा कोवळा पक्षी 'पंख तुटलेला मोठा पक्षी' समजला गेला, तर दया दाखवण्याच्या भरात त्याचे नुकसान होते.

याच्या उलट प्रसंगही येतात. १५ ऑगस्टच्या सुमारास दिल्लीत मोठ्या प्रमाणावर पतंग उडवले जातात. त्या वेळी वर्षातील कोवळे पक्षी नुकतेच आकाशात वावरू लागलेले असतात. मांजाची धार त्यांचे पंख कापते. दिल्ली सरकारने जानेवारी २०१७ मध्ये नायलॉनच्या आणि काचेचा लेप असलेल्या धारदार मांजावर बंदी घातली. त्याच वर्षी राष्ट्रीय हरित लवादानेही अशा मांजावर देशभर बंदी आणली. तरीही जखमी पक्षी आढळत राहतात. वजीराबाद येथे मोहम्मद सौद आणि नदीम शहजाद हे बंधू अशा घारींवर व इतर पक्ष्यांवर अनेक वर्षे उपचार करीत आले आहेत. त्यांच्या कामावर शौनक सेन यांनी केलेला 'ऑल दॅट ब्रीद्स' हा माहितीपट २०२२ साली जगभर गाजला. मांजात अडकलेला पक्षी सापडल्यास दोरा ओढू नये. पक्ष्याला हवेशीर खोक्यात, अंधारात व शांत ठेवावे, तोंडात पाणी किंवा दूध घालू नये आणि वनविभागाला अथवा पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या संस्थेला त्वरित कळवावे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे शिकारी पक्ष्यांना संरक्षण आहे. त्यांना पकडणे हा गुन्हा आहे.

अचूक ओळखीचा दुसरा लाभ ज्ञानाचा आहे. एखाद्या भागात कोवळे शिक्रे दिसले, याचा अर्थ त्या भागात किंवा जवळपास शिक्र्यांची वीण झाली आहे. प्रौढ पक्षी कोठूनही उडत येऊ शकतो, पण नुकतेच घरटे सोडलेले पिल्लू दूर गेलेले नसते. करोल बागेसारख्या गजबजलेल्या वस्तीच्या कडेला उंच, जुनी झाडे शिल्लक आहेत आणि तेथे शिकारी पक्ष्याला पुरेसे अन्न मिळते, याची साक्ष एका कोवळ्या पक्ष्याच्या तारीखवार छायाचित्रातून मिळते. उद्या तेथील झाडे तोडण्याचा प्रस्ताव आला, तर अशा नोंदीला मोल येते. मात्र घरट्याची नेमकी जागा जाहीर करू नये आणि छायाचित्रासाठी घरट्याजवळ जाऊ नये. माणसांच्या वर्दळीने आईबाप घरटे सोडून जाऊ शकतात.

सारांश

कोवळा शिकारी पक्षी हा लहान आकाराचा नसतो, वेगळ्या वेशाचा असतो. पाठीवरील फिकट कडा, पंखांची सारखी कड, छातीवरील उभे थेंब आणि डोळ्यांचा फिकट रंग या त्या वेशाच्या खुणा होत. छायाचित्र वाचताना प्रथम चोच, पाय व शरीराची ठेवण पाहावी, नंतर वय ठरवावे आणि त्यानंतर जातीचे नाव घ्यावे. तारीख व ठिकाण यांची जोड द्यावी. खात्री नसेल, तर तसे स्पष्ट लिहावे.

करून पाहा

१. आपल्या परिसरातील एका घारीचे किंवा शिक्र्याचे सुरक्षित अंतरावरून निरीक्षण करा. तो पक्षी प्रौढ आहे की कोवळा, हे कोणत्या तीन खुणांवरून ठरवले ते लिहा.

२. एकाच पक्ष्याची सकाळी, दुपारी आणि सायंकाळी छायाचित्रे घ्या. प्रकाशामुळे रंगात पडलेला फरक चार-पाच वाक्यांत सांगा.

३. 'चुकीच्या खात्रीपेक्षा प्रामाणिक शंका अधिक उपयोगी पडते' हे विधान आपल्या रोजच्या जीवनातील एका उदाहरणाने स्पष्ट करा.